कंटेनरचालकाची प्रतीक्षा कोणाच्या हिशेबात?

आपल्या उत्तर कोकणच्या पट्ट्यातून आखलेल्या मालवाहू रेल्वेमार्गाविषयी गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. उत्तर प्रदेशातील दादरीपासून उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत योजलेल्या या पश्चिम मार्गाची लांबी १,५०६ किलोमीटर आहे. ७ जानेवारी २०२१ रोजी हरियाणातील न्यू अटेलीहून राजस्थानातील न्यू किशनगढकडे दीड किलोमीटर लांबीची दुमजली कंटेनरगाडी रवाना झाली, तेव्हा तिचे मोठे कौतुक झाले. रस्त्यावरचा भार हलका होईल, इंधन वाचेल, धूर कमी होईल, ही अपेक्षा रास्त आहे आणि आम्हीही तिचे स्वागत करतो. मात्र या साऱ्या चर्चेत एक माणूस सहसा दिसत नाही. रेल्वेने आलेला कंटेनर स्थानकापासून गोदामापर्यंत नेणारा स्थानिक ट्रेलरचालक, तो हा माणूस.

रेल्वे रुळांवरून धावते. कारखाने आणि गोदामे बहुधा रुळांपासून दूर असतात. पंचेचाळीस वाघिणींच्या साध्या कंटेनरगाडीत वीस फुटी नव्वद डबे मावतात. एका ट्रेलरवर दोन डबे चढवले तरी ती गाडी रिकामी करण्यास पंचेचाळीस खेपा लागतात. डबे वजनदार असतील तर नव्वद. गाडी दुमजली असेल तर हा आकडा दुप्पट होतो. म्हणजे रेल्वे लांबच्या प्रवासातील चालक कमी करील, पण जवळच्या खेपा वाढवील. तळोजा, भिवंडी, तारापूर या परिसरांतील अनेक तरुणांच्या वाट्याला उद्या हेच काम येणार आहे. म्हणून ते काम कसे आहे, हे आजच पाहणे अगत्याचे ठरते.

वरवर पाहता हे काम सुखाचे वाटते. महिनामहिना परप्रांतात भटकणे नाही, रात्री घरी परतण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात चालकाचा बराचसा दिवस चाक फिरण्यात जात नाही, तर थांबण्यात जातो. फाटकावरची रांग, कागदपत्रांतील एखादी त्रुटी, यार्डात डबा उचलणाऱ्या यंत्राची वाट, गोदामाच्या दारात माल उतरवणाऱ्या कामगारांची वाट, आणि शेवटी रिकामा डबा परत करण्यासाठी पुन्हा एक रांग. तीस-चाळीस किलोमीटरच्या खेपेत कधी कधी अख्खा दिवस सरतो. रांग पुढे सरकेल म्हणून केबिन सोडता येत नाही, त्यामुळे धड झोपही घेता येत नाही.

या विलंबाचा हिशेब कसा होतो, ते पाहावे. डबा मुदतीत परत गेला नाही तर जहाज कंपनी दिवसागणिक शुल्क लावते. यार्डात तो जास्त दिवस पडून राहिला तर जागेचे भाडे लागते. गाडी अडकून पडली तर वाहतूकदार बिलात ‘हॉल्टिंग’ लावतो. चालकाला मात्र बहुतेक ठिकाणी खेपेवर पैसे मिळतात; हॉल्टिंगमधील किती रक्कम त्याच्या हाती पोहोचावी, हे मालकाच्या मनावर असते. लोखंडी डब्याच्या वेळेला किंमत आहे, माणसाच्या वेळेला नाही, असा याचा अर्थ होतो.

कायदा काय म्हणतो? १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. परंतु कामाच्या तासांची व्याख्या करताना त्याने ठिकाणावर नुसते हजर राहण्याचा जो काळ धरला, तो पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच! त्याहून लांबलेली प्रतीक्षा हिशेबाबाहेर राहिली. शिवाय पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच तो कायदा लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आणि हा कायदा त्यांत विलीन झाला. पंधरा मिनिटांची मोजपट्टी तशीच राहिली. कामगारसंख्येची अट मात्र पाचवरून दहावर गेली. एक-दोन ट्रेलर बाळगणाऱ्या मालकाचा चालक आधीही बाहेर होता, आता त्याच्या जोडीला आणखी काही जण आले आहेत.

मालकांची बाजूही आम्ही समजू शकतो. लहान मालकाला कर्जाचा हप्ता, डिझेल, टायर आणि टोल यांचा मेळ घालावा लागतो, आणि पुष्कळदा तो स्वतःच चालकाच्या जागी बसलेला असतो. रांग त्याने लावलेली नसते. म्हणूनच हा प्रश्न एका मालकाच्या दयाळूपणावर सोडता येणार नाही. जो चालकाला थांबवतो, त्याने थांबण्याचे मोल द्यावे आणि ते चालकापर्यंत पोहोचावे, असा नियम हवा.

वाया गेलेली वेळ भरून काढण्यासाठी थकलेला चालक वेग वाढवतो, आणि त्याच रस्त्यावरून आपली मुले दुचाकीवरून घरी येत असतात. जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभर चालकांनी संप केला, तो न्याय संहितेतील कलम १०६(२) विरुद्ध. अपघातानंतर खबर न देता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास, अशी ती तरतूद. थांबलो तर जमाव मारील, ही चालकांची भीती होती. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हा ते उपकलम स्थगित ठेवण्यात आले. पळून जाणाऱ्याचे समर्थन आम्ही करीत नाही. पण अपघाताच्या त्या एका क्षणावर इतकी चर्चा झाली, त्याआधीच्या चौदा-सोळा तासांवर किती झाली?

जून २००७ मध्ये स्थलांतरितांसाठीच्या परमधर्मपीठीय मंडळाने रस्त्यावरील माणसांच्या आध्यात्मिक सेवेविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. त्यातील वाहनचालकांसाठीच्या ‘दहा आज्ञा’ तेव्हा गाजल्या. त्या चालकाला जबाबदारीची आठवण देतात. ती जबाबदारी त्याने पाळावी, अशी अपेक्षा धरणाऱ्या समाजाचेही त्याच्याप्रति काही कर्तव्य आहे.

आपल्या धर्मग्रामांत गोदामांचे मालक आहेत, क्लिअरिंग एजंट आहेत, कारखान्यांत पाळीचे प्रमुख आहेत. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. फाटकाशी उभ्या असलेल्या चालकाला आत घ्यावे, पाणी व शौचालय खुले करावे, आणि तो किती वाजता आला व किती वाजता सुटला हे वहीत लिहून त्याची सही घ्यावी, एवढे उद्यापासून करता येईल. त्या नोंदीच्या आधारे त्याला आपल्या वेळेचे पैसे मागता येतील.