तिला निवृत्त म्हणू नका

रात्री अडीचच्या सुमारास आधी नखांचा आवाज येतो. लाकडी फरशीवर चार नखं घासतात, थांबतात, पुन्हा घासतात. म्हणजे रोझीला उठायचंय आणि मागचे पाय साथ देत नाहीयेत. मी उठते, तिच्या पोटाखालून कापडी पट्टा घालते, दोन्ही टोकं धरून तिचं मागचं अंग वर तोलते आणि आम्ही दोघी अंगणाच्या दाराकडे निघतो. घरभर योगा मॅट अंथरलेल्या आहेत. मॅट संपली की ती थांबते आणि माझ्याकडे बघते.

रोझी साडेअकरा वर्षांची ग्रेहाउंड आहे. मी डब्लिनमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीला आहे. तीन वर्षांपूर्वी तिला दत्तक घेतलं तेव्हा कागदावर तिचं वर्णन होतं, ‘निवृत्त शर्यतपटू’. हा शब्द मला तेव्हा गोड वाटला होता. आता त्याचा राग येतो. हा लेख त्या रागातून लिहिलेला आहे, हे आधीच सांगून टाकते.

निवृत्त कोण होतं? माझे आजोबा एसटीतून निवृत्त झाले. त्यांना फंड मिळाला, ग्रॅच्युइटी मिळाली, नारळ आणि शाल मिळाली. ज्यानं काम करून घेतलं, त्यानं शेवटी काहीतरी हिशेब केला. तो हिशेब पुरेसा होता का, हा वाद वेगळा. पण हिशेब होता.

आता रोझीचा हिशेब बघा. शर्यतीचा ग्रेहाउंड साधारण दीड वर्षाचा असताना ट्रॅकवर उतरतो आणि तीन-चार वर्षांचा झाला की उतरवला जातो. जगतो बारा-तेरा वर्षं. म्हणजे तिच्या आयुष्यातली दोन-अडीच वर्षं उद्योगाची, आणि त्यानंतरची आठ-नऊ वर्षं? ती कुणाची? आयर्लंडमध्ये नोंदलेल्या ग्रेहाउंडच्या दोन्ही कानांत अक्षरं गोंदलेली असतात. त्या अक्षरांवरून मला रोझीची प्रत्येक शर्यत सापडली, शतांश सेकंदापर्यंतच्या वेळेसकट. शेवटच्या शर्यतीनंतर ती माझ्याकडे येईपर्यंत पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांची एक ओळही मला मिळाली नाही.

जे कागदावर नाही, ते तिच्या शरीरावर मात्र आहे.

ट्रॅकवर कुत्रे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं पळतात. वळणावर सगळा भार उजवीकडच्या पायांवर येतो, म्हणून मागच्या उजव्या पायाच्या घोट्यातली हाडं मोडणं ही या खेळातली ठरलेली दुखापत आहे. रोझीचा तोच घोटा कधीतरी मोडून वेडावाकडा जुळला होता. तिथं आता संधिवात आहे. कमरेच्या खालच्या मणक्यात नस दबते, त्यामुळे मागचे पंजे कधीकधी उलटे पडतात आणि नखं घासून रक्त येतं. पुढच्या पंजाच्या गादीत कुरूप आहे. माणसाच्या तळव्याला होतं तसंच, वाटाण्याएवढं टणक. गवतावर ती बरी चालते, खडीवर आली की लंगडते. कुरूप ओळखायची हीच खूण. ग्रेहाउंडमध्ये ही कुरुपं इतर जातींपेक्षा कितीतरी जास्त दिसतात. कापून काढली तरी बहुधा परत येतात.

शिवाय या जातीच्या अंगावर चरबी जवळजवळ नाही आणि कातडी कागदासारखी. जाड गादी नसेल तर कोपरांना जखमा होतात. झुडपाची काटकी लागली तरी कातडी फाटते. थंडीत कोट घालावा लागतो. भांडं उंचावर ठेवावं लागतं, कारण मान खाली घालून उभं राहणं आता तिला झेपत नाही. गाडीत चढायला फळी लागते. सव्वीस किलोचं कुत्रं रोज उचललं तर आपली कंबर जाते, हेही मी शिकले.

आणि ग्रेहाउंडचं रक्तही वेगळं. त्यांच्यात तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असतं, क्रिएटिनिन जरा चढं असतं, थायरॉइडचा आकडा मुळातच कमी असतो. हे सगळं त्यांच्यासाठी निरोगीपणाचं लक्षण. आधीच्या दवाखान्यात रोझी सुस्त झाली म्हणून रक्त तपासलं, थायरॉइड ‘कमी’ निघालं आणि पाच महिने तिला थायरॉइडच्या गोळ्या चालल्या. सुस्ती थायरॉइडची नव्हतीच, ती वेदना होती. दुसऱ्या डॉक्टरनं कमरेवर हात ठेवून दाबलं, तेव्हा जन्मात न भुंकलेली ही कुत्री किंचाळली. मी रोज कोड लिहिते. चुकीच्या मोजपट्टीशी ताडून पाहिलं की बरोबर उत्तरही चूक ठरतं, हे मला कळायला हवं होतं. ग्रेहाउंडची मोजपट्टी वेगळी आहे हे ज्ञान जगात आहे, पुस्तकांत आहे. ते प्रत्येक गल्लीतल्या दवाखान्यात पोचलेलं नाही, कारण शतांश सेकंदाला पैसे मिळतात आणि म्हातारपणाला मिळत नाहीत.

पैशाचंच बोलू.

महिन्याला एक वेदनाशामक इंजेक्शन, रोजच्या गोळ्या, त्या गोळ्यांनी मूत्रपिंड बिघडत नाही ना म्हणून दर काही महिन्यांनी रक्ततपासणी, पाण्यातले व्यायाम. सगळं धरून महिन्याला एकशे नव्वद युरोंच्या आसपास जातात. विम्याचा हप्ता वयाबरोबर चढतो आणि जुन्या दुखण्यांना विमा हात लावत नाही. रोझीची सगळीच दुखणी जुनी.

दुसऱ्या बाजूला, आयर्लंडमध्ये २००१ च्या कायद्यानं घोडे आणि ग्रेहाउंडच्या शर्यतींसाठी सरकारी निधी आहे. त्यातले ८० टक्के घोड्यांना, २० टक्के ग्रेहाउंडना. अलीकडच्या वर्षांत ग्रेहाउंडचा हा वाटा सुमारे दोन कोटी युरोंचा असतो. दर वर्षी. माझ्या पगारातून कर जातो, त्या कराचा काही अंश हे कुत्रे पळवायला जातो, आणि पळून झालेलं कुत्रं माझ्या स्वयंपाकघरात येतं. मी दोनदा पैसे भरते. माझ्यासारख्या दत्तक घेणाऱ्या प्रत्येकाची हीच गत.

२०१९ मध्ये आरटीई या इथल्या सरकारी वाहिनीनं एक कार्यक्रम दाखवला. शर्यत संस्थेनंच करून घेतलेल्या एका अहवालाचा त्यात आधार होता. वर्षाला सुमारे ६,००० ग्रेहाउंड पुरेसे वेगवान नाहीत म्हणून मारले जातात, असा त्यातला अंदाज. देशभर संताप झाला. त्यानंतर कुत्र्यांच्या कल्याणासाठी वेगळा निधी काढला गेला, पुनर्वसनाला मदत सुरू झाली. हे मी नाकारत नाही, आणि रोझीला आयतं घर शोधून देणाऱ्या स्वयंसेवकांची तर मी ऋणी आहे. पण त्या मदतीचा मुक्काम घराच्या दारापर्यंत. कुत्रं दत्तक गेलं की आकडेवारीत ते ‘मार्गी लागलं’. त्यानंतरचा घोटा, कंबर, कुरूप आणि रात्रीचे अडीच ज्याचे त्याचे.

शर्यतवाल्यांचं म्हणणं असं, की हा गावाकडच्या माणसांचा खेळ आहे, यावर हजारो लोकांची पोटं आहेत, अनेक मालक आपल्या कुत्र्यांवर जीव लावतात. मान्य. शेतावर आठ-दहा कुत्रे मरेपर्यंत सांभाळणारे मालक मी पाहिलेत. पण जो उद्योग आपल्या कामगारांच्या उतारवयाचा खर्च हिशेबात धरला तर चालूच शकत नाही, तो लोकांची पोटं भरतो असं म्हणण्यापेक्षा तो कुणाच्या तरी खिशात हात घालून चालतो असं म्हणावं.

यावर उपाय अवघड नाही, आपण तो फ्रिजसाठी केलेला आहे. युरोपात फ्रिज बनवणाऱ्यावर त्याच्या अखेरच्या विल्हेवाटीची जबाबदारी आहे. भारतातही ई-कचऱ्याच्या नियमांत मोबाइल बनवणाऱ्या कंपनीवर अशी जबाबदारी टाकलेली आहे. तुमच्या हातातल्या फोनच्या म्हातारपणाची कायद्यानं दखल घेतली आहे. रोझीच्या नाही. माझी मागणी एवढीच: नोंदणी होताना प्रत्येक पिल्लाच्या नावानं पैसे बाजूला पडावेत, लागणाऱ्या प्रत्येक पैजेतून त्यात भर पडावी, आणि ती रक्कम कुत्रं ज्या घरी जाईल तिथं त्याच्या शेवटच्या श्वासापर्यंत औषधपाण्याला मिळावी. यानं शर्यती परवडेनाशा झाल्या तर त्या आजवर कशा परवडत होत्या ते तरी कळेल.

‘मग बंदीच घाला की,’ असं कुणी म्हणेल. घालावी. फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८ मध्ये घातली, न्यूझीलंडनं २०२४ च्या डिसेंबरात आणि वेल्सनं २०२५ च्या फेब्रुवारीत ती जाहीर केली. पण बंदीची बातमी आपण शेअर करतो त्या दिवशीही ट्रॅकवर दोन वर्षांची कुत्री असतात. ती आणखी दहा वर्षं जगणार आहेत. ज्या बंदीत या दहा वर्षांची तरतूद नाही, ती बंदी आपल्या मनाच्या शांतीसाठी असते.

दत्तक देणाऱ्यांच्या जाहिरातींवरही माझा राग आहे, जरा कमी. ग्रेहाउंड म्हणजे ताशी पंचेचाळीस मैल वेगाचा आळशी, सोफ्यावर चार पाय वर करून झोपणारा. फोटोत नेहमी तीन वर्षांचा, तुकतुकीत. हे खोटं नाही, अर्धवट आहे. त्या फोटोवर भाळलेली काही माणसं सहा वर्षांनी कुत्रं परत आणून सोडतात, जिना चढत नाही म्हणून. रोझी अशीच परत आलेली होती. म्हाताऱ्या कुत्र्याचे फोटो दाखवा. पट्टा दाखवा, गोळ्यांचा डबा दाखवा. चार घरं कमी मिळतील, पण टिकतील.

इथवर वाचून ‘हे गोरे लोक असेच’ असं तुमच्या मनात आलं असेल, तर थांबा. मी मूळची जत तालुक्यातली. आमच्या भागात कारवान असतात. ग्रेहाउंडसारखीच लांब तोंडाची, बारीक कमरेची कुत्री. कर्नाटकात त्यांना मुधोळ हाउंड म्हणतात. २००५ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. आपल्याला त्यांचा केवढा अभिमान! माझ्या मामाकडे एक होता, राजा. सशामागं सुटला की डोळ्याला दिसायचा नाही. मी सातवीत असताना तो मागच्या पायानं अधू झाला. मग त्याची साखळी सुटली. वस्तीच्या टोकाला उकिरड्यापाशी पडून असायचा. मी शाळेत जाताना त्याला ओलांडून जायचे. एकदाही भाकरी टाकली नाही. एक दिवस तो दिसला नाही आणि कुणी विचारलंही नाही. मीही नाही. मामा वाईट माणूस नव्हता. राजाचं म्हातारपण हा कुणाच्याच हिशेबातला आकडा नव्हता, एवढंच.

त्याच मामांचा परवा फोन आला. “काय गं, कुत्रीच्या दवाखान्यावर एवढा पैसा घालतीस? हिकडं तुझी आई गुडघ्याला हात लावून जिना उतरती.”

हे लागलं. खोटं नव्हतंच ते. डिसेंबरात घरी गेले होते तेव्हा आई जिना आडवी होऊन उतरताना मी पाहिली आणि आधी डोळ्यांसमोर आली रोझी. ती तशीच उतरायची, उतरणं पूर्ण बंद होण्याआधी. घरी जिन्याला दुसऱ्या बाजूनं कठडा बसवला, न्हाणीघरात पकडायला दांडी बसवली, आईला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. आई म्हणाली, “तुला कसं कळलं गं? मी तर कुणाला सांगितलं नव्हतं.” मी काय सांगणार?

पण मामांना माझा एक प्रश्न आहे. याच आईनं तुमच्या आईला, माझ्या आजीला, सहा वर्षं अंथरुणात सांभाळलं. कुस बदलणं, न्हाऊमाखू घालणं, रात्री उठणं. तुम्ही तीन भाऊ. तेव्हा त्या सहा वर्षांचा हिशेब कुणी विचारला होता? ‘मुलीची माया’ म्हणून सगळं तिच्या खात्यावर पडलं. आज तिचे गुडघे गेलेत ते काय जिना उतरून गेलेत?

म्हणून मला ही दोन भांडणं वेगळी वाटत नाहीत. धावण्याचे, कमावण्याचे दिवस सगळ्यांच्या मालकीचे असतात. त्यावर पैजा लागतात, तिकिटं निघतात. म्हातारपण मात्र ज्याला दया येईल त्याच्या गळ्यात. आणि दया येणारी माणसं मोजकीच असतात, हे व्यवस्थेला नीट ठाऊक असतं. तिचा सगळा डोलारा त्या भरवशावर उभा असतो. मी हे प्रेमानं करते आणि करत राहीन. पण माझ्या प्रेमाकडे बोट दाखवून कुणी आपलं बिल टाळत असेल, तर ते बिल मी मोठ्यानं वाचून दाखवणार.

डॉक्टरांनी कॅलेंडरवर खुणा करायला सांगितल्यात. चांगला दिवस हिरवा, वाईट दिवस लाल. लाल जास्त झाले की बोलू, म्हणाल्या. या महिन्यात अजून हिरवे जास्त आहेत. ज्या दिवशी नसतील, त्या दिवशी मी तिला ओढत ठेवणार नाही. तो निर्णय मी घेईन, तोही माझ्याच खात्यावर. मंगळवारी तिचं इंजेक्शन आहे. तोवर दारापाशी आणखी एक मॅट टाकायचीय, तिथं ती घसरते.