बैल विकला आणि शिव्या बैलाला!

नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आटोपले, चिवडा-चकलीची पहिली बशी संपली, की कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या कट्ट्यावर आम्ही चार म्हातारे जमतो. आणि जमलो की दहा मिनिटांत बोलणे फुटबॉलवर येते. अन्य गावी लोक दिवाळीत नाटक-संगीताच्या गप्पा मारीत असतील. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर शेंगा फोडीत ज्यांची उमर गेली त्यांना दुसरा विषय सुचत नाही, त्याला इलाज नाही. माझा मुलगा इंग्लंडात लिव्हरपूल शहरी डॉक्टर आहे आणि २००४ सालचा उन्हाळा मी त्याच्याकडे काढला, हे कट्ट्याला पाठ आहे. तेव्हा आमचे एक निवृत्त मास्तर दरवर्षी न चुकता मला डिवचतात : "काय अण्णा, तुमचा तो रूनी! वाढवला कोणी आणि गोल मारले कोणासाठी? पैशासाठी घर सोडणारा बेइमान पोरगा!"

इतकी वर्षे मी हसून सोडून देत आलो. यंदा मात्र मला राग आला, आणि राग आला की मला बोलता येत नाही. म्हणून लिहितो.

ज्यांना फुटबॉलचे वेड नाही त्यांच्यासाठी हकीकत थोडक्यात सांगतो. वेन रूनी हा १९८५ साली लिव्हरपूलच्या क्रॉक्स्टेथ भागात जन्मला. घर सगळे एव्हर्टन क्लबाचे भक्त. पोरगा लहानपणीच क्लबाच्या तालमीत दाखल झाला. १९ ऑक्टोबर २००२ रोजी, सतरावे वर्ष पुरे व्हायला पाच दिवस असताना, त्याने आर्सेनलविरुद्ध अगदी शेवटच्या मिनिटाला लांबून असा चेंडू मारला की लीगमध्ये तीस सामने न हरलेला तो संघ हरला. २००४ च्या युरोपीय स्पर्धेत पोर्तुगालमध्ये त्याने इंग्लंडसाठी चार गोल केले आणि पायाचे हाड मोडून तो घरी परतला. आणि ३१ ऑगस्ट २००४ रोजी, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, एव्हर्टनने त्याला मँचेस्टर युनायटेडला विकले. हप्ते आणि अटी धरून किंमत अडीच कोटी पौंडांच्या वर जाणारी. पोराचे वय अठरा.

तो ऑगस्ट महिना मी मुलाच्या घराजवळच्या न्हाव्याच्या दुकानात बसून काढला असे म्हटले तरी चालेल. केस कापून घ्यायला डोक्यावर केस लागतात, ते मला फारसे नाहीत. पण गप्पा ऐकायला जागा मिळे. त्या लोकांचे इंग्रजी मला निम्मे कळत नसे. भांडण मात्र सगळे कळे, कारण ते अगदी आमच्या पेठेतल्यासारखे होते. एका तालमीचा पोरगा पुढच्या हंगामात दुसऱ्या तालमीचा शर्ट घालतो तेव्हा आमच्याकडे जे होते, तेच तिथे चालले होते; फक्त आकड्यांवर शून्ये जास्त.

एक पक्ष म्हणे, विका. क्लब कर्जात आहे, गेल्या हंगामात वीस संघांत सतरावा आला, कराराची दोनच वर्षे उरली आहेत. करार संपला की पोरगा फुकट जाईल, त्यापेक्षा आज पैसे घ्या. दुसरा म्हणे, बियाण्याचे धान्य विकून खाणारा शेतकरी पुढच्या वर्षी पेरणार काय? तिसऱ्याला या हिशेबाशी कर्तव्यच नव्हते. तो म्हणे, पोरगा बेइमान. पुरावा म्हणून तो सांगे की २००२ साली कुमार गटाच्या अंतिम सामन्यात याच पोराने शर्टाखालचा बनियन दाखवला होता आणि त्यावर लिहिले होते, एकदा निळा तो कायमचा निळा. सोळा वर्षांच्या पोराने बनियनवर लिहिलेले वाक्य खरेदीखतासारखे जपून ठेवणारा तो मनुष्य साठीच्या घरातला होता.

आमचे मास्तर या तिसऱ्या पक्षाचे. त्यांचे आवडते म्हणणे असे की पूर्वी खेळाडू निष्ठावंत असत, एकाच क्लबात आयुष्य काढीत. मास्तर, ती निष्ठा नव्हती, वेठ होती! १९६१ सालापर्यंत इंग्लंडात खेळाडूच्या पगारावर कायद्यासारखी मर्यादा होती. शेवटी शेवटी ती आठवड्याला वीस पौंड होती. करार संपला तरी क्लब त्याला पगार न देता अडकवून ठेवू शके. जॉर्ज ईस्टहॅम नावाचा खेळाडू न्यूकॅसल क्लबाविरुद्ध कोर्टात गेला, आणि १९६३ साली न्यायाधीशांनी सांगितले की हा व्यवहार गैर आहे. दावणीला बांधलेले जनावर गोठा सोडीत नाही, याला आपण निष्ठा म्हणत असू तर धन्य आहे आपली!

आणि क्लबाच्या निष्ठेचे काय? एका हंगामात साठ गोल करणारा डिक्सी डीन हा एव्हर्टनचा देव. १९३८ साली, दम कमी झाल्यावर, याच क्लबाने त्याला नॉट्स काउंटीला विकले. अ‍ॅलन बॉल १९६६ च्या विश्वविजेत्या संघातला; १९७१ च्या डिसेंबरात त्याला आर्सेनलकडे धाडले, दोन लाख वीस हजार पौंडांना. तेव्हा माणसे रडली, पण क्लबाला बेइमान कोणी म्हटल्याचे मी ऐकले नाही. क्लबाने विकले की तो व्यवहार. पोराने जायचे म्हटले की तो द्रोह!

आता विकणाऱ्या पक्षाचाही समाचार घेतो, नाहीतर मास्तर म्हणतील अण्णा पैशाच्या बाजूचे. त्यांचा हुकमाचा पत्ता असा की विकले आणि पुढच्याच हंगामात एव्हर्टन चौथा आला, लिव्हरपूलच्याही वर. खरे आहे. पण त्या हंगामात क्लबासाठी सर्वांत जास्त गोल केले टिम केहिलने, आणि तो विक्रीच्या आधीच, जुलैमध्ये, मिलवॉलकडून सुमारे दीड दोन कोटींत नव्हे, अवघ्या दीड-दोन दशलक्ष पौंडांत आणलेला! रूनीचे पैसे हाती आल्यावर जानेवारीत त्यांनी मोठी किंमत मोजून जेम्स बीटी घेतला. त्याने पुढच्या महिन्यात चेल्सीच्या खेळाडूला पाठीमागून डोक्याने धडक मारली आणि सुरुवातीच्याच मिनिटांत तो मैदानाबाहेर गेला. म्हणजे चौथा नंबर आला तो पैशाने नव्हे, चिडून एकवटलेल्या संघाने आणला. रूनीने पुढे मँचेस्टरसाठी २५३ गोल केले. एव्हर्टनने १९९५ नंतर एकही मोठा करंडक पाहिलेला नाही. क्लबाचे लॅटिन बोधवाक्य सांगते की सर्वोत्तमाहून कमी ते आम्हाला पुरेसे नाही. सर्वोत्तम होते तेच बाजारात नेले!

माझ्या लहानपणी सोसायटीचे कर्ज थकले तेव्हा वडिलांनी आमच्या जोडीतला उजवा बैल विकला. त्या रात्री आईने चूल पेटवली नाही. शेजारी वडिलांना बोलले, सावकाराला बोलले, पावसाला बोलले. बैलाला कोणी शिवी दिली नाही.

मास्तर लगेच म्हणतील, अण्णा, बैल अर्ज देत नाही. रूनीने बदलीचा अर्ज लेखी दिला होता. बरोबर आहे, दिला होता. आणि २००८ साली एव्हर्टनच्याच मैदानावर त्याच प्रेक्षकांसमोर त्याने मँचेस्टरच्या बिल्ल्याचे चुंबन घेतले, त्याबद्दल मी हजर असतो तर कान पिळला असता. पण अर्ज माझ्याही मुलाने दिला होता.

हे मी कट्ट्यावर कधी सांगितले नाही. त्याच्या वैद्यकीच्या शिक्षणासाठी मी ओढ्याकाठचे दीड एकर विकले. तो शिकला, आणि एक दिवस म्हणाला, अण्णा, मी लिव्हरपूलला अर्ज केला होता, बोलावणे आले आहे. तेव्हा मी त्याला त्या दीड एकराचा हिशेब ऐकवला. दमडीदमडीचा. त्याची आई आत रडत होती आणि मी बाहेर पैसे मोजीत होतो. तो गेल्यावर दोन वर्षे मी फोनवर "आईला देतो" याखेरीज काही बोललो नाही. २००४ साली गेलो तोही तिच्या हट्टाने. आणि त्या न्हाव्याच्या दुकानात तो साठीचा मनुष्य टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "आम्ही वाढवला त्याला!" तेव्हा मला तो आवाज ओळखीचा वाटला. इंग्रजी होता, एवढेच.

मास्तर, म्हणून यंदा मला राग आला. पोरगा गेला याचे दुःख करा. मी आजही करतो. क्लब कर्जात कोणी घातला, सतराव्या नंबरावर कोणी आणला, हे त्या कोटवाल्यांना विचारा. पण ज्याच्या पायात गुण आहे त्याला तुमच्या गोठ्यात म्हातारे व्हायला सांगू नका, आणि वाढवल्याची पावती त्याच्या तोंडावर फेकू नका.

२०१७ साली रूनी एकतिसाव्या वर्षी एव्हर्टनला परत आला. १२ ऑगस्टला स्टोकविरुद्ध हंगामाचा पहिला सामना होता, आणि त्यातला एकुलता एक गोल त्यानेच केला. मुलाने मैदानावरून फोन लावला. "अण्णा, ऐका!" एवढेच मला कळले, पुढे सगळा आरडाओरडा. मी फोन कानाशी धरून बसून राहिलो. ही आतून विचारीत होती, कोणाचा फोन, काय झाले. बऱ्याच वेळाने त्याचा आवाज आला, तोही बसलेला. त्याने विचारले, यंदा दिवाळी कधी आहे?

मी तारीख सांगितली, आणि "आईला देतो" असे म्हणालो नाही.