पडद्यावर आपला रस्ता हवा

कंपवात म्हटले की लोकांना थरथरणारे हात आठवतात. रुग्णाला आणि घरच्यांना खरी धास्ती असते ती पडण्याची. चालता चालता पाय जमिनीला खिळतात, धड पुढे जाते आणि तोल सुटतो. गोळ्यांनी अंगाचा ताठरपणा पुष्कळ कमी होतो, पण तोलावर त्यांची मात्रा तितकी चालत नाही. म्हणूनच व्हीआर, म्हणजे आभासी वास्तवाच्या मदतीने करायच्या व्यायामाकडे आपण गांभीर्याने पाहायला हवे.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 2016 साली अशी एक मोठी चाचणी प्रसिद्ध केली. इस्रायल आणि युरोपातील चार देशांतल्या 302 ज्येष्ठांना आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे ट्रेडमिलवर चालवले. हे सगळे वारंवार पडणारे होते आणि त्यांत कंपवाताचे रुग्ण बरेच होते. निम्म्यांसमोर एक मोठा पडदा होता. कॅमेऱ्याने टिपलेली आपलीच पावले त्यावर दिसत. वाटेत अडथळे येत, डबकी येत, फाटे फुटत. पुढच्या सहा महिन्यांत नुसते चाललेल्यांच्या गटात पडण्याचे प्रमाण माणशी सरासरी आठ वेळांच्या वर राहिले, पडद्याच्या गटात ते सहावर आले. डोळ्यांवर चढवायचा गॉगल यात नव्हताच. कंपवातात आपोआप होणारे चालणे मोडते, प्रत्येक पावलाला लक्ष द्यावे लागते. त्यात कुणी हाक मारली की पाऊल चुकते. पडद्याने चालणे आणि विचार करणे या दोन्हींचा एकत्र सराव करून घेतला, हे त्याचे मर्म.

वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या त्याच वर्षीच्या आढाव्याने मात्र सबुरीचा सल्ला दिला. आठ लहान चाचण्या, 263 रुग्ण. पाऊल लांब पडू लागते, बाकी फायदा साध्या फिजिओथेरपीइतकाच, आणि पुरावाही कच्चा. त्यामुळे महागडा गॉगल दाखवून 'कंपवातावर नवा उपचार' अशी जाहिरात कुणी करत असेल, तर तिला भुलू नये. तोल गेलेल्या माणसाला पायाखालची जमीन दिसेनाशी करायची, तर शेजारी जाणता फिजिओथेरपिस्ट उभा हवाच.

डोळ्यांना योग्य खूण मिळाली की खिळलेला पाय उचलला जातो, हे पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी फार कमी खर्चात दाखवले. त्यांच्या काकांना सपाट जमिनीवर चालता येत नसे, पण जिना ते सहज उतरत. सोनेजींनी पायऱ्यांचा भास होईल असे चित्र छापून घरातल्या जमिनीवर अंथरले आणि काका त्यावरून चालू लागले. तंत्रज्ञान माणसाच्या घरापर्यंत पोचायचे, तर त्याची सुरुवात अशी त्या घराकडे बघण्यापासून व्हायला हवी.

परदेशी पडद्यावरच्या बागेतल्या वाटेचा सराव करून आपला रुग्ण बाहेर पडतो तो कुठे? फुटपाथवर लावलेल्या स्कूटरींमधून, वर आलेल्या गटाराच्या झाकणाला वळसा घालून, मागून रिक्षाचा भोंगा ऐकत. घरात उंबरठा, ओली मोरी, दारातला चपलांचा ढीग. अरुंद दारापाशी तर पाय हमखास खिळतात. ही दृश्ये इथेच तयार व्हायला हवीत, आणि ते अवघड नाही. राज्यात अभियांत्रिकी महाविद्यालये ढिगाने आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी मुले विषय शोधत असतात. फिजिओथेरपी महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. विद्यापीठाने या दोघांची गाठ घालून द्यावी. नेमके कुठे पडायला होते, हे पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांतले रुग्ण सांगतील. त्यांना पहिल्या बैठकीपासून बोलवावे. तयार झालेली दृश्ये सरकारी रुग्णालयांच्या फिजिओथेरपी विभागांना फुकट द्यावीत आणि त्यासोबत सरकारने ट्रेडमिल, अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा आणि फिजिओथेरपिस्टची रिकामी पदे भरायला पैसेही द्यावेत.