सहीपुरते पालक

बँकेत बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला सहीबद्दल आदर असतो, आणि तितकाच संशयही. निवृत्तीनंतर सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी येऊन राहिलो, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतली दोन मुले एक वही घेऊन दारात उभी राहिली. "गुरुजींनी सही मागितलीय." मी नुकताच शाळा व्यवस्थापन समितीवर 'शिक्षणतज्ज्ञ' म्हणून गेलो होतो. (चार कादंबऱ्या लिहिल्या की माणूस शिक्षणतज्ज्ञ होतो, हे मला नव्यानेच कळले!) वहीत एका बैठकीचे इतिवृत्त होते. बैठक कधी झाली, मला पत्ता नव्हता. माझ्याआधी सात सह्या आणि दोन अंगठे उमटले होते.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, त्यांनी शाळेचा विकास आराखडा करावा, अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवावी, असे तो म्हणतो. कागदावर याहून चांगली व्यवस्था मी तरी पाहिलेली नाही. पण बैठक दुपारी तीनला. त्या वेळी पालक उसात किंवा द्राक्षबागेत. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार? गुरुजींना तरी किती दोष द्यायचा? दोन शिक्षकांवर चार वर्ग आणि शिवाय माहितीचे तक्ते.

आपण गावकरी शाळेला मदत करतो म्हणजे वस्तू देतो. आमच्या शाळेतल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचे नाव आहे. वीजबिल थकल्याने पंखा बंद, त्यामुळे नाव मात्र स्पष्ट वाचता येते. मुलींच्या शौचालयाला पाणी नाही, पण ते कुणाच्या देणगीत बसत नाही.

मी बैठक संध्याकाळी सातला घ्या म्हणून हट्ट धरला. गुरुजी तयार झाले, त्यांची शेवटची एस. टी. चुकणार असतानाही. चौदाजण आले, त्यांत नऊ बायका. मी पालकांच्या जबाबदारीवर जरा लांबलेच भाषण केले. ते संपल्यावर कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, "काका, तुमची पोरगी हितंच शिकली न्हवं? मग धाकट्याला का काढलंसा?"

खरे होते. मुलगी १९९२ ते १९९६ याच शाळेत होती. त्या काळात मी खडूचा पुरवठा, गळके छप्पर यांवरून पंचायत समितीत खेटे घालत असे, आणि बँकेचा साहेब म्हणून मला खुर्चीही मिळे. मुलाच्या वेळी आम्ही शहरातली इंग्रजी शाळा धरली. माझे खेटे त्याच दिवशी थांबले. माझ्यासारखे आणखी दहाजण गेले. ज्यांना साहेबाच्या टेबलासमोर खुर्ची मिळायची, ते सगळे गेले; उरले त्यांना दाराबाहेर थांबवले जाते. शाळा खालावली म्हणून आम्ही गेलो, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. क्रम उलटाही असू शकतो.

त्या बाईला मी हे सगळे सांगितले नाही. "चूक झाली," एवढेच म्हणालो. ती म्हणाली, "बरं, आता पाण्याचं बघा. आलेला पैसा कुठं गेला?"

गुरुजींनी जमाखर्चाची वही काढली. सवयीने मी हात पुढे केला.

"तुम्ही नगा," बाई म्हणाली. "माझी पोरगी चौथीत हाय. ती वाचंल."

पोरगी उठली आणि दिव्याखाली जाऊन एकेक रक्कम मोठ्याने वाचू लागली.