सोसणे म्हणजे कणखरपणा नव्हे

बॉक्सिंगवर बोलणाऱ्यांच्या तोंडी दोन वाक्ये हमखास असतात. एक, 'याची हनुवटी पोलादाची आहे.' दुसरे, 'याचे काळीज वाघाचे आहे.' पहिल्याचा अर्थ, कितीही ठोसे खाल्ले तरी हा पडत नाही. दुसऱ्याचा अर्थ, पडला तरी हा हार मानत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण लोक त्या सर्रास एकच समजतात. जो पडत नाही तो मनाने कणखर आणि जो पडला किंवा थांबला तो मनाने कच्चा, असा निकाल देऊन मोकळे होतात. आमच्या मते हा निकाल चुकीचा आहे, आणि त्याची किंमत नेहमी ठोसे खाणाराच मोजतो.

आधी शरीराचा मुद्दा घेऊ. हनुवटीवर ठोसा बसला की डोके झटक्याने वळते. कवटी वळते, आतला मेंदू क्षणभर मागे राहतो, त्यातले तंतू ताणले जातात आणि शुद्ध हरपते. यात इच्छाशक्तीचा संबंध येतोच कुठे? मान मजबूत असेल, पायांचा तोल नीट असेल आणि ठोसा येताना दिसला असेल तर फरक पडतो. न दिसलेला ठोसा भल्याभल्यांना लोळवतो. बाकीचा भाग ज्याच्या त्याच्या शरीररचनेचा. व्यायामाने दंड भरतात, पण ठोसे खाऊन मेंदू टणक होत नाही. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरांनी १९२८ सालीच बॉक्सरांच्या अडखळत्या चालीवर आणि जड जिभेवर शोधनिबंध लिहून डोक्यावरच्या माराकडे बोट दाखवले होते.

कॅनडाचा जॉर्ज चुवालो ९३ व्यावसायिक लढती खेळला आणि एकदाही खाली पडला नाही. टिकाऊपणाचे यापेक्षा मोठे उदाहरण मिळणार नाही. पण मुहम्मद अलीकडून तो दोनदा गुणांवर हरला, आणि जो फ्रेझर व जॉर्ज फोरमन यांच्याविरुद्ध त्याच्या लढती मधेच थांबवाव्या लागल्या. न पडणे म्हणजे जिंकणे नव्हे.

मग शरीर आणि मन यांची ही गल्लत कोणाच्या सोयीची आहे? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या गोऱ्यांमध्ये एक समज पक्का होता. काळ्या माणसाची कवटी जाड, त्यामुळे त्याच्या डोक्यावर मारून उपयोग नाही. पण त्याच्या काळजात भित्रेपणाची रेघ असते, दाबून धरले की ती बाहेर येते. या युक्तिवादाची सोय पाहा. काळा बॉक्सर टिकला तर श्रेय जाड कवटीला, हरला तर दोष मनाला. गोरा टिकला तर मात्र ते त्याचे धैर्य!

जॅक जॉन्सनचे आईवडील गुलामीत जन्मलेले होते. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून तो हेवीवेटचा पहिला काळा जगज्जेता झाला. गोऱ्या अमेरिकेला ते सहन झाले नाही. निवृत्त झालेल्या जिम जेफ्रीजला परत बोलावण्यात आले. हा जेफ्रीज स्वतः जगज्जेता असताना काळ्या आव्हानवीरांशी लढायला नकार देत असे, आणि तोवर कधीच खाली पडलेला नव्हता. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत वारंवार खाली पाडले आणि लढत थांबली. त्यानंतर अनेक शहरांत काळ्या वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली. ती 'भित्रेपणाची रेघ' मग कोणाच्या काळजात निघाली?

हा कावा आपल्याला नवा नाही. राबायला एकाचे शरीर आणि ठरवायला दुसऱ्याचे डोके, ही वाटणी आपल्या देशात धर्माच्या नावाने चालली. धैर्यही जन्मावरून वाटले गेले. ज्या महारांनी इंग्रजांच्याच फौजेत लढाया मारल्या, त्यांची भरती 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत पुढे करून बंद केली गेली. पुढे महायुद्धात गरज पडली तेव्हा, १९४१ साली, महार रेजिमेंट उभी राहिली. माणसे तीच होती. बदलली ती सत्ताधाऱ्यांची गरज.

आता मुहम्मद अलीकडे येऊ, कारण या विषयात त्याचेच नाव सर्वांत जास्त घेतले जाते आणि त्याचाच अर्थ सर्वांत चुकीचा लावला जातो. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे ३२ वर्षांचा अली दोरांना रेलून २५ वर्षांच्या फोरमनचे ठोसे घेत राहिला आणि आठव्या फेरीत त्याने फोरमनला नॉकआउट केले. लोक म्हणतात, काय ही सोसण्याची ताकद! आम्ही म्हणतो, नीट पाहा. अली बरेचसे ठोसे हातांवर आणि कोपरांवर अडवत होता, डोके मागे घेत होता, बोलून फोरमनला चिडवत होता आणि मधूनच नेमका ठोसा मारत होता. ती रात्र अकलेने जिंकली, नुसत्या सोसण्याने नव्हे.

पण पुढे सोसणे हीच त्याची पद्धत बनत गेली. सरावातही तो जोडीदारांना स्वतःला मारू देत असे. १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सशी झालेल्या लढतीनंतर त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी मूत्रपिंडांवरचा परिणाम कळवला. कोणी दाद दिली नाही, तेव्हा ते बाजूला झाले. २ ऑक्टोबर १९८० रोजी ३८ वर्षांचा अली लॅरी होम्ससमोर उभा राहिला आणि दहा फेऱ्या नुसता मार खात राहिला. तो एकदाही पडला नाही. हनुवटी शाबूत होती, जिद्दही शाबूत होती, आणि घात झाला तो त्यामुळेच. १९८४ मध्ये त्याच्या आजाराचे निदान पार्किन्सन असे झाले. त्यात ठोशांचा वाटा किती, यावर डॉक्टर वाद घालतात. पण ते ठोसे मेंदूच्या भल्याचे होते असे कोणीही म्हणत नाही.

थांबणाऱ्याला जग कसे वागवते हेही पाहा. नोव्हेंबर १९८० मध्ये पनामाच्या रॉबर्टो दुरानने शुगर रे लेनर्डविरुद्ध आठव्या फेरीत लढत सोडली. त्याला भेकड ठरवले गेले. तोच दुरान १९८३ मध्ये आणि पुन्हा १९८९ मध्ये जगज्जेता झाला. उलट दक्षिण कोरियाचा किम दुक-कू नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला चौदाव्या फेरीपर्यंत थांबला नाही. काही दिवसांत तो मेला. त्यानंतर जागतिक बॉक्सिंग परिषदेने जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या. मन कणखर असले की शरीर निभावून नेते, असे सांगणाऱ्यांनी किमचे नाव विसरू नये.

म्हणून आम्हाला एडी फच मोठे वाटतात. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात अलीविरुद्ध चौदा फेऱ्या झाल्यावर फ्रेझरचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते. फ्रेझर लढायला तयार होता. त्याचे प्रशिक्षक फच यांनी पंधराव्या फेरीला त्याला सोडले नाही. जगज्जेतेपद तीन मिनिटांवर असताना 'पुरे' म्हणायला जे मन लागते, ते ठोसे खायला लागणाऱ्या मनापेक्षा लहान कसे?

अलीची खरी मानसिक ताकद पाहायची तर रिंगबाहेर पाहा. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनमध्ये त्याने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. किताब गेला, परवाना गेला, ५ वर्षांची कैद आणि १० हजार डॉलर दंड सुनावला गेला. ऐन उमेदीची साडेतीन वर्षे रिंगविना गेली. जून १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. त्या दिवशी ह्यूस्टनमध्ये त्याच्यावर एकही ठोसा पडला नव्हता. त्याने फक्त 'नाही' म्हटले होते.

बॉक्सिंगच्या हॉलमध्ये जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे. जरूर लढा, पण मारापासून बचाव आधी शिका. डोक्याला मार लागल्यावर चक्कर, उलटी किंवा डोकेदुखी झाली तर लपवू नका, लगेच सांगा, आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पुन्हा ग्लोव्हज घालू नका. 'तुमची पोरं मार खाण्यात पक्की असतात' असे कौतुक कोणी केले तर ते कौतुक तिथेच परत करा. ते आपल्या मनाचे नाही, आपल्या पाठीचे कौतुक आहे, आणि ते पिढ्यान्पिढ्या झाले आहे. कॉर्नरमध्ये असा माणूस निवडा, ज्याला तुमच्या विजयापेक्षा तुमचे डोके प्रिय आहे. त्या डोक्याने अजून शिकायचे आहे, बोलायचे आहे आणि गरज पडेल तिथे 'नाही' म्हणायचे आहे.