डिस्चार्जच्या कागदावरचे तीन शब्द

मार्च 2025 मध्ये धायरीतल्या एका रुग्णाच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा टेबलावर पेढ्यांचा रिकामा खोका होता. काका रिक्षा चालवायचे. जीबीएस म्हणजे गिलन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराने गाठलं आणि सहा आठवडे रुग्णालयात गेले, त्यातले काही दिवस व्हेंटिलेटरवर. माणूस घरी परतला म्हणून काकूंनी मजल्यावर पेढे वाटले होते. काका पलंगावर उताणे होते, दोन्ही पावलं लुळी, चवडे खाली गेलेले. डाव्या पोटरीवर रुपयाएवढा फोड. पाय गार पडतात म्हणून काकूंनी गरम पाण्याची पिशवी लावली होती. पायाला संवेदनाच नव्हती, त्यामुळे भाजलेलं कळलं नाही.

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या यादीखाली तीन शब्द होते : फिजिओथेरपी चालू ठेवणे. कुणाकडून, किती दिवस, काय टाळायचं, काहीच नाही. बावीस वर्षं मी फिजिओथेरपीचं काम करते आहे आणि या तीन शब्दांचा मला राग येतो.

2025च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसची साथ आली. पुणे परिसरात संशयित आणि निदान झालेले मिळून दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले. दूषित पाण्यावर बोट ठेवलं गेलं, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. रोज आकडे छापून येत होते, व्हेंटिलेटरवर किती तेही. आकडे थांबले आणि साथ संपली. ज्यांच्या नसांना इजा झाली होती, त्यांची खरी लढाई मात्र तेव्हा कुठे सुरू होत होती.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. नुसतं नसेवरचं आवरण गेलं असेल तर ते काही आठवड्यांत, महिन्यांत भरून येतं. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापासून पावलापर्यंतचं अंतर 40 सेंटीमीटर धरा आणि हिशेब करा. वर्ष उलटून जातं. तोवर पोटरी आखडली, घोटा आवळला, तर नस पोहोचूनही टाच जमिनीला टेकत नाही. म्हणून पाऊल काटकोनात धरणारा स्प्लिंट पहिल्या दिवसापासून लागतो, सांधे रोज हलवावे लागतात. लोकांना वाटतं फिजिओ म्हणजे शेक आणि करंट. माझं निम्मं काम हे वाट पाहणाऱ्या स्नायूंना आणि सांध्यांना सांभाळण्याचं असतं.

उरलेलं निम्मं काम भीतीशी असतं. काकांचा मुलगा प्रेमापोटी ओरडायचा, "बाबा, जोर लावा!" जीबीएसमधून उठणाऱ्या माणसाने थकेस्तोवर जोर लावला तर दुसऱ्या दिवशी तो आणखी ढिला पडतो. त्यात पडण्याची धास्ती. उभं करायला गेलं की काकांचे खांदे कानाला भिडायचे, श्वास छातीत अडकायचा, दात आवळले जायचे. रात्री पायांत आग व्हायची, झोप नाही. ताठरलेल्या, जागरण झालेल्या शरीराला तोल कसा शिकवायचा?

ताण घालवायच्या पद्धतींमध्ये एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरची पद्धत प्रसिद्ध आहे. 1929 मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. एकेक स्नायू आधी आवळायचा, मग सोडायचा. धडधाकट माणसासाठी ती उत्तम आहे. पण ज्याचं पाऊल हलतच नाही, त्याला "पाऊल आवळा" कसं सांगू? एकदा सांगितलं, तेव्हा काकांचे डोळे भरून आले. ती चूक मी पुन्हा केली नाही. नंतर फक्त जबडा, खांदे, हात, म्हणजे जे त्यांच्या ताब्यात होतं तेवढंच घेतलं. मग शवासनात पडून लांब उच्छ्वास, दहा मिनिटं, व्यायामाच्या आधी. शेजारी चटईवर काकूंनाही झोपायला लावलं. चौथ्या दिवशी त्या तिथेच गाढ झोपल्या. महिनोन् महिने त्या एका कुशीवर, कान टवकारून झोपत होत्या.

शिथिलीकरणाने नस वाढत नाही; वाढते असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण झोप सुधारली, वेदना सोसवू लागली, खांदे खाली आले आणि व्यायाम अंगी लागू लागला. म्हणून मी त्याला चैन मानत नाही, उपचार मानते.

काका ऑक्टोबरमध्ये घोट्याला आधार देणारा स्प्लिंट बांधून एक मजला उतरले. त्या आठ महिन्यांचा खर्च घरच्यांनी मंगळसूत्र गहाण ठेवून केला. बहुतेक विमा पॉलिसींत रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च दोन-तीन महिन्यांपुरताच मिळतो. नसेचं गणित वर्षाचं आहे.

महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात आठवड्यातून ठरावीक दिवशी तरी फिजिओथेरपिस्ट बसला पाहिजे, आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी तो गेला पाहिजे. विम्याने किमान वर्षभराची फिजिओथेरपी उचलली पाहिजे. आणि तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी विचारा : स्प्लिंट कोणता, व्यायाम कोणते आणि किती वेळ, काय करायचं नाही. उत्तरं लिहून घेतल्याशिवाय तिथून उठू नका.