गाडीचं खरं ॲव्हरेज आम्हाला लिहून द्या

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली यांस,

धुराचे बीएस-६ नियम लागू करताना सरकारनं बीएस-५ ची पायरीच गाळली आणि चार वर्षं आधी, जानेवारी २०१६ मध्ये, सांगितलेली १ एप्रिल २०२० ही तारीख पुढे ढकलली नाही. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. मोठ्या गाड्यांच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ३.५ ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमच्याही खाली गेली. हे चांगलंच झालं. माझ्या वडिलांनी तीस वर्षं स्टिअरिंग धरलं, त्यांचा रात्रीचा खोकला ऐकत आम्ही भावंडं मोठी झालो. धुराच्या नियमांबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार ॲव्हरेजची आहे.

मोठ्या ट्रकांनी किती डिझेल प्यावं, याचे निकष ऊर्जा मंत्रालयानं ऑगस्ट २०१७ मध्ये अधिसूचित केले. पहिला टप्पा १ एप्रिल २०१८ पासून, दुसरा १ एप्रिल २०२१ पासून. दोन्ही तारखा येऊन गेल्या, अंमल झाला नाही. मोटार वाहन नियमांत या निकषांचं कलम आपल्या मंत्रालयानं घातलं जुलै २०२२ मध्ये आणि लागू केलं १ एप्रिल २०२३ पासून. म्हणजे पहिल्या तारखेपासून पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांत ज्यांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या, त्यांचे हप्ते एक महिनाही थांबले नव्हते.

आणि पाच वर्षांनी मिळालं काय? भरलेली गाडी ताशी ४० आणि ताशी ६० किलोमीटर अशा एकसारख्या वेगानं पळवायची आणि डिझेल मोजायचं. मंत्रीमहोदय, न्हावाशेव्याहून माल भरून निघालेली गाडी कागलपर्यंत कुठे एकसारख्या वेगानं पळते? खोपोलीपासून बोरघाट चढताना ती पहिल्या-दुसऱ्या गिअरला येते. पुण्याच्या बाहेर सिग्नल, वळणरस्ते, कामं. पुढे खंबाटकी: पुण्याकडे येणाऱ्याला बोगदा आहे, साताऱ्याकडे जाणाऱ्या भरल्या गाडीला वर्षानुवर्षं घाटच चढावा लागला. चाचणीत ना चढ आहे, ना ब्रेक, ना पुन्हा पहिल्या गिअरपासून सुरुवात. आणि डिझेल जातं ते नेमकं तिथेच.

निकष अधिसूचित झाले तेव्हा दहा टायर गाडीचं एकूण वजन २५ टन धरलं जात होतं. वर्षभराच्या आत, जुलै २०१८ मध्ये, ते २८.५ टन झालं. सहा टायरचं १६.२ वरून १८.५. वजन वाढवलं, ते आम्हाला हवंच होतं. पण साडेतीन टन जास्त घेऊन तीच गाडी घाटात किती पिते, हे गाडी घेणाऱ्याला कुणी सांगितलं?

आता माझा हिशेब बघा. बीएस-६ ची दहा टायर गाडी घेताना विक्रेत्यानं तोंडी सांगितलं, ॲव्हरेज लिटरला साडेचार किलोमीटर. गाडीच्या एकाही कागदावर तो आकडा नव्हता. प्रत्यक्षात मिळतं चार. कागल ते न्हावाशेवा जाऊन-येऊन सुमारे ७५० किलोमीटर. साडेचारनं १६७ लिटर लागायला हवं, लागतं साडे-१८७. डिझेल लिटरला ९० रुपये धरलं तर एका फेरीला १,८७५ रुपये जादा. महिन्याला आठ फेऱ्या, म्हणजे १५,००० रुपये. वर्षाला १,८०,०००. शिवाय धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाची टाकी वेगळी भरायची. धुरातली काजळी अडवणारी जाळी चोंदली की गाडी पॉवर पकडत नाही, मग रस्त्याकडेला उभी करून इंजिन चालू ठेवायचं आणि ती साफ होईपर्यंत डिझेल जाळायचं. त्या वेळी गाडी एक मीटरही पुढे जात नसते. विक्रेत्याला मी तीन वेळा लेखी विचारलं. उत्तर एकदाच आलं, तेही फोनवर: तुमच्या ड्रायव्हरचा पाय जड आहे.

ते उत्तर मी खरं मानलं. आमच्या धंद्यात मालक ड्रायव्हरला ॲव्हरेज ठरवून देतो, कमी भरलं की पैसे त्याच्या भत्त्यातून कापले जातात. मीही कापले. सात महिने कापले. अकरा वर्षं माझ्याकडे असलेला माणूस. त्यानं डिझेल विकलं असा संशय मी त्याच्या तोंडावर बोलून दाखवला आणि तो चावी टेबलावर ठेवून निघून गेला. नंतर दुसरा ड्रायव्हर ठेवला, मग महिनाभर मी स्वतः गाडी चालवली. ॲव्हरेज चारच. कापलेले पैसे मी त्याच्या घरी नेऊन दिले, त्यानं ते घेतले, पण कामावर परत आला नाही. छापील आकडा हातात असता तर एवढं घडलं नसतं. आज या महामार्गावर किती ड्रायव्हरांच्या भत्त्यातून हा न मोजलेला फरक वसूल होतो आहे, याची आपल्याला कल्पना आहे का?

डिझेलच्या दराचं खातं आपलं नाही, हे ठाऊक आहे. तरी २०१४ च्या सुरुवातीला लिटरमागे ३.५६ रुपये असलेलं केंद्राचं उत्पादन शुल्क मे २०२० मध्ये ३१.८३ वर गेलं. जगात कच्चं तेल मातीमोल झालं होतं त्याच दिवसांत. मे २०२२ मध्ये ते १५.८० वर आणलं, २०१४ च्या आकड्यावर नाही. डिझेल जीएसटीबाहेर, त्यामुळे त्यावर भरलेल्या कराची वजावट आम्हाला मिळत नाही. दर आमच्या हातात नाही, भाडंही नाही. सांभाळता येतं ते ॲव्हरेज, आणि तेच आम्हाला अंधारात ठेवून विकलं जातं.

हे मोजणं अवघड आहे असं सांगू नका. बीएस-६ च्या नियमांत धूर मोजण्याचं यंत्र गाडीवर बांधून रस्त्यावर चाचणी घेण्याची तरतूद आहे. ते यंत्र कार्बन डायऑक्साइडही मोजतं, आणि एक लिटर डिझेल जळलं की तो सुमारे २.६ किलो निघतो. म्हणजे ॲव्हरेज त्याच चाचणीत हाती येतं. बीएस-६ मध्ये कार्बन डायऑक्साइडला मर्यादाच नाही, ही गोष्ट तर धुराची काळजी करणाऱ्या सरकारला सर्वांत आधी टोचायला हवी.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. ड्रायव्हरला ती मिळायलाच हवी होती. पण एसी चालू ठेवून ॲव्हरेज किती, हेही पुन्हा ड्रायव्हरलाच सिद्ध करायला लावणार का?

मागणी एकच आहे. प्रत्येक ट्रकचं ॲव्हरेज घाटासह, पूर्ण भारानं, एसी चालू ठेवून मोजा आणि विक्रीच्या कागदावर छापायला लावा. धुरासाठी चार वर्षं आधी तारीख सांगता आली होती. याची तारीख कोणती, ते कळवा.

एक गाडीमालक,
कागल, जि. कोल्हापूर